वाचकांचे प्रश्न : अनेक कोअरचा संगणक आणि फंक्शनल प्रोग्रामिंग

एकच क्रिया मोठ्या ॲरेच्या प्रत्येक घटकावर करायची आणि ते काम सगळ्या कोअरमध्ये (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणनाकेंद्रांत) वाटायचे, या पद्धतीला डेटा-पॅरलल म्हणतात. फंक्शनल भाषांत, म्हणजे बाहेरचे काही न बदलणाऱ्या फंक्शनांतून प्रोग्राम रचणाऱ्या भाषांत, हे वाटप कंपायलरवर आणि लायब्ररीवर सोपवता येते, म्हणून तिकडे वळणाऱ्या वाचकांची पत्रे येत असतात. त्यांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. आज्ञा आणि फंक्शनची नावे इथे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांत टाइप करावीत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हॅस्केलमध्ये १० लाख संख्यांच्या लिस्टवर एक छोटे फंक्शन ‘मॅप’ने चालवत होतो. त्या जागी त्याचे समांतर रूप ‘पारमॅप’ घातले. लॅपटॉपला चार कोअर आहेत, तरी प्रोग्राम आधीपेक्षा हळू झाला. कुठे चुकते आहे?
— फर्मागुडी, फोंडा

उत्तर : आधी कंपाइल करतानाचे पर्याय तपासा. ‘-ओ२ -थ्रेडेड -आरटीएसऑप्ट्स’ हे तिन्ही हवेत. ‘-थ्रेडेड’ नसेल तर प्रोग्राम एकाच कोअरवर चालतो. ‘-आरटीएसऑप्ट्स’ नसेल तर चालवताना दिलेले पर्याय स्वीकारलेच जात नाहीत. मग प्रोग्राम ‘+आरटीएस -एन४ -एस’ लावून चालवा. एन मोठ्या लिपीतला, एस छोट्या. शेवटी जो तक्ता छापला जातो त्यात ‘स्पार्क्स’ नावाची ओळ असते. तुमचे उत्तर बहुधा त्या एका ओळीत आहे.

स्पार्क म्हणजे ‘जो कोअर रिकामा असेल त्याने हे काम उचलावे’ अशी चिठ्ठी. ‘पारमॅप’ प्रत्येक घटकासाठी एक चिठ्ठी लिहितो, म्हणजे १० लाख चिठ्ठ्या. जीएचसी या हॅस्केलच्या कंपायलरच्या रनटाइममध्ये (प्रोग्रामसोबत चालणाऱ्या यंत्रणेत) चिठ्ठ्यांची पेटी दर कोअरमागे ४,०९६ जागांची असते. लिहिणारा थ्रेड (प्रोग्राममधला कामाचा एक धागा) भराभर पुढे जातो, पेटी भरते आणि पुढच्या चिठ्ठ्या टाकून दिल्या जातात. तक्त्यात त्या ‘ओव्हरफ्लोड’ म्हणून मोजलेल्या दिसतील. ‘फिझल्ड’ म्हणजे दुसऱ्या कोअरने उचलण्याआधीच मुख्य थ्रेडने ते काम स्वतः करून टाकले. ‘डड’ म्हणजे चिठ्ठी लिहिली तेव्हाच काम झालेले होते. ‘जीसीड’ म्हणजे ते उत्तर पुढे कुणालाच लागणार नव्हते, म्हणून कचरा, म्हणजे न लागणारी मेमरी, गोळा करताना (जीसी) चिठ्ठीही गेली. खरोखर वाटली गेलेली कामे फक्त ‘कन्व्हर्टेड’ या आकड्यात येतात. तो आकडा लहान आणि बाकीचे मोठे असतील तर वाटपाचा खर्च झाला, पण वाटप झालेच नाही.

यावर उपाय म्हणजे घास मोठा करणे. ‘पारलिस्टचंक २०००० आरडीपसेक’ ही स्ट्रॅटेजी लावली की १० लाख घटकांचे ५० तुकडे होतात. चार कोअरला ५० तुकडे चांगले. अगदी चारच तुकडे केले तर एखादा जड निघाला की बाकी तीन कोअर वाट पाहत बसतात. हजारो केले तर पुन्हा वाटपाचाच खर्च. कोअरच्या संख्येच्या १० ते १५ पट तुकड्यांपासून सुरुवात करा आणि मोजून कमी-जास्त करा.

इथे ‘आरडीपसेक’च्या जागी ‘आरसेक’ लिहिण्याची चूक फार होते. हॅस्केल आळशी भाषा आहे, म्हणजे उत्तर लागेपर्यंत काम करत नाही. ‘आरसेक’ उत्तराचे फक्त बाहेरचे कवच उघडते. उत्तर जोडी किंवा लिस्ट असेल तर आतले काम तसेच पडून राहते आणि नंतर छापताना मुख्य थ्रेड ते एकट्याने करतो. ‘आरडीपसेक’ आतपर्यंत सगळे काम करून घेतो. त्यासाठी तुमच्या प्रकाराला ‘एनएफडेटा’चे इन्स्टन्स लागते.

त्याच तक्त्यातली ‘जीसी’ची वेळही वाचा. जीएचसीचा नेहमीचा कचरा-संग्राहक चालतो तेव्हा सगळे कोअर थांबतात. लिस्ट भराभर बनवणाऱ्या प्रोग्राममध्ये हे थांबे वारंवार येतात. ‘-ए६४एम’ दिल्याने प्रत्येक कोअरची नवी मेमरी ६४ मेगाबाइट होते आणि थांबे कमी होतात. एवढे करूनही जीसीचा वाटा मोठा राहिला, तर दोष लिस्टचा आहे. ६४ बिटच्या जीएचसीमध्ये पूर्णांकांच्या लिस्टचा एक घटक साधारण ४० बाइट घेतो : २४ दुव्याचे, १६ संख्येच्या खोक्याचे. अनबॉक्स्ड, म्हणजे खोक्याशिवाय संख्या साठवणाऱ्या, ॲरेत तीच संख्या ८ बाइटांत मावते. शिवाय लिस्ट मधोमध तोडायची तर अर्ध्यापर्यंत चालत जावे लागते. ॲरेचा मध्य एका वजाबाकीत सापडतो. संख्यांवर मोठे काम करायचे असेल तर लिस्ट सोडा आणि ‘मासिव्ह’ किंवा ‘रेपा’ घ्या. तुकडे पाडण्याचे काम त्या लायब्ररी स्वतः करतात.

प्रश्न : आमच्या कार्यालयात जावा चालते. थ्रेड आणि लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप) वापरून आम्ही हेच काम करतो. फंक्शनल पद्धत घेतली तर नेमका काय फरक पडेल? की सगळे हॅस्केलमध्ये लिहायला हवे?
— पणजी

उत्तर : भाषा बदलण्याची गरज नाही, काम मांडण्याची पद्धत बदला. लॉक लावून लिहिताना तुम्ही कोणता थ्रेड काय आणि कधी करणार ते सांगता. डेटा-पॅरलल पद्धतीत फक्त ‘या प्रत्येक घटकावर हे फंक्शन’ एवढेच सांगायचे. ते फंक्शन शुद्ध असेल, म्हणजे बाहेरचे काही वाचून-लिहून बदलत नसेल, तर घटक कोणत्याही क्रमाने घेतले तरी उत्तर तेच येते. मग लॉकचे कारणच उरत नाही.

जावात २०१४ सालच्या आठव्या आवृत्तीपासून ‘पॅरललस्ट्रीम’ आहे. त्यात सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे ‘फॉरईच’मधून बाहेरच्या ‘ॲरेलिस्ट’मध्ये उत्तरे भरणे. ती लिस्ट अनेक थ्रेडसाठी बनलेली नाही. कधी घटक हरवतात, कधी इंडेक्सची एक्सेप्शन येते, आणि लहान डेटावर चाचणी घेतली तर अनेकदा काहीच दिसत नाही. ‘मॅप’ करून ‘कलेक्ट’ करा; प्रत्येक तुकडा स्वतःचे उत्तर बनवतो आणि शेवटी ती जोडली जातात. मूळ डेटा ‘लिंक्डलिस्ट’मध्ये ठेवू नका, ती नीट तुटत नाही. आणि ‘किती झाले’ ते मोजायला सगळ्या थ्रेडचा एक सामाईक काउंटर ठेवू नका. तो काउंटर ज्या ६४ बाइटांच्या कॅश लाइनमध्ये (प्रोसेसरजवळच्या जलद मेमरीतल्या तुकड्यात) असतो, ती लाइन प्रत्येक वाढीला एका कोअरकडून दुसऱ्याकडे जाते. दोन थ्रेडचे वेगवेगळे काउंटर शेजारी-शेजारी ठेवले तरी हेच होते, कारण दोघांची लाइन एकच.

एफ-शार्पमध्ये ‘ॲरे.पॅरलल.मॅप’ आहे, रस्टमध्ये ‘रेयॉन’ लायब्ररी आहे. ओकॅमलला डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ५.० आवृत्तीपासून अनेक कोअर वापरता येऊ लागले; तिथे ‘डोमेनस्लिब’ पाहा. आमचे मत विचाराल तर नव्याने शिकणाऱ्याने हॅस्केल किंवा रस्ट घ्यावी. फंक्शन बाहेरच्या गोष्टी बदलू लागले की दोन्ही भाषांचे कंपायलर बहुतेक वेळा अडवतात. जावात ती जबाबदारी सर्वस्वी तुमची.

प्रश्न : पर्जन्यमापकाच्या नोंदींची बेरीज आठ थ्रेडवर करतो. एका थ्रेडवरच्या उत्तरात आणि यात शेवटच्या एक-दोन अंकांचा फरक येतो, आणि तो दर वेळी सारखाही नसतो. रस्ट आणि रेयॉन वापरतो. कोणावर विश्वास ठेवावा?
— साखळी

उत्तर : दोन्ही उत्तरे सारखीच बरोबर, किंवा सारखीच चुकीची म्हणा. तुकड्यांची उत्तरे एकत्र जोडायची तर जोडणाऱ्या क्रियेला साहचर्य गुणधर्म हवा : अ आणि ब आधी जोडले काय, ब आणि क आधी जोडले काय, उत्तर तेच. संगणकातल्या दशांश संख्यांच्या बेरजेला हा गुणधर्म नाही. ०.१ आणि ०.२ मिळवून त्यात ०.३ घातले तर ६४ बिटच्या दशांशात ०.६ च्या किंचित वरचे उत्तर येते, ०.२ आणि ०.३ आधी मिळवून ०.१ घातले तर ०.६ येते. रेयॉन तुकडे चालत्या कामानुसार पाडते, म्हणून कंस दर वेळी वेगळ्या जागी पडतात.

तुमच्यासाठी उपाय सोपा आहे. पर्जन्यमापकाची नोंद मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत असते. ती १० ने गुणून पूर्णांकात साठवा, ६४ बिटच्या पूर्णांकात बेरीज करा आणि शेवटी एकदाच १० ने भागा. पूर्णांकांची बेरीज पूर्ण साहचर्याची आहे, त्यामुळे किती का थ्रेड असेनात, उत्तर अंकाअंकाला जुळेल. जिथे दशांश टाळता येत नाही तिथे तुकड्यांचा आकार ठरावीक ठेवा, उदाहरणार्थ ४,०९६ घटक, आणि तुकड्यांची उत्तरे ठरलेल्या क्रमाने जोडा. हा आकार कोअरच्या संख्येवर अवलंबून ठेवू नका. नाहीतर दुसऱ्या संगणकावर उत्तर पुन्हा बदलेल.

पत्रासोबतच्या कोडमध्ये आणखी दोन चुका दिसल्या, आणि त्या शेवटच्या अंकाच्या नाहीत. सरासरी काढण्यासाठी तुम्ही तुकड्यांच्या सरासऱ्यांची पुन्हा सरासरी काढली आहे. तुकडे समान नसतील तर ते चूक ठरते. प्रत्येक तुकड्यातून ‘बेरीज’ आणि ‘संख्या’ अशी जोडी परत करा, जोड्यांची घटकवार बेरीज करा आणि भागाकार सर्वांत शेवटी करा.

दुसरी चूक ‘रिड्यूस’च्या (सगळी मूल्ये जोडून एक करणाऱ्या फंक्शनच्या) सुरुवातीच्या मूल्याची. मागच्या महिन्याची शिल्लक बेरीज २५० म्हणून तिथे २५० दिले आहे. ते मूल्य प्रत्येक तुकड्याला एकदा लागते. आठ तुकडे पडले तर २५० च्या जागी २,००० मिळवले जातात. तिथे त्या क्रियेचा अविकारक घटकच हवा : बेरजेला ०, गुणाकाराला १. शिल्लक नंतर बाहेर मिळवा. कमाल शोधताना ० देण्याची सवयही याच जातीची. सरासरी समुद्रपातळीपासून मोजलेल्या भरती-ओहोटीच्या नोंदींत ओहोटीचे आकडे ऋण असतात. फक्त ओहोटीच्या नोंदींची कमाल काढाल तर खोटे ० परत येईल. तिथे त्या प्रकारातली सर्वांत लहान संख्या द्यावी.

प्रश्न : रोजच्या पावसाची चालती बेरीज प्रत्येक ओळीत मागच्या ओळीवर अवलंबून असते. मग ती अनेक कोअरवर करणे शक्यच नाही ना?
— पेडणे

उत्तर : शक्य आहे. ॲरेचे चार तुकडे करा. पहिल्या फेरीत प्रत्येक कोअर आपल्या तुकड्याची फक्त एकूण बेरीज काढतो. मग त्या चार बेरजांची चालती बेरीज एकच कोअर करतो. चारच आकडे असल्याने त्याला वेळ लागत नाही. दुसऱ्या फेरीत प्रत्येक कोअर आपल्या आधीच्या तुकड्यांच्या एकूण बेरजेपासून सुरुवात करून आपल्या तुकड्याची चालती बेरीज लिहितो. याला ‘स्कॅन’ म्हणतात आणि बहुतेक डेटा-पॅरलल लायब्ररींत ते तयार मिळते.

पण ॲरेवरून दोनदा जावे लागते, म्हणून एकूण काम साधारण दुप्पट होते. दोन कोअरवर फायदा जवळजवळ शून्य, चार कोअरवर फार तर दुप्पट वेग. आणि तुमच्या आकाराच्या डेटाला हे करूच नका. १ जून ते ३० सप्टेंबर हे १२२ दिवस. दर १५ मिनिटांनी नोंद धरली तरी एका केंद्राच्या एका पावसाळ्याच्या ११,७१२ नोंदी. एवढ्या बेरजा एक कोअर थ्रेड जागे होईपर्यंत संपवतो.

प्रश्न : खाजन जमिनींचे (भरतीचे पाणी अडवून राखलेल्या शेतजमिनींचे) बांध आणि मानशी (बांधातली पाण्याची दारे) यांची ड्रोनने काढलेली छायाचित्रे साफ करण्याचा प्रोग्राम हॅस्केल आणि रेपामध्ये लिहिला आहे. छायाचित्र ८,००० गुणिले ६,००० पिक्सेलचे. दर पिक्सेलभोवतीच्या ५×५ चौकोनाची भारित सरासरी घेतो. एका कोअरवर एका छायाचित्राला १२ सेकंद, चार कोअरवर ६. चौपट वेग का नाही? शिवाय मधूनच पडद्यावर ‘नेस्टेड’ असे काहीतरी इशारे येतात.
— दिवाडी

उत्तर : तुम्ही सोबत दिलेल्या वेळा पाहिल्या : जेपेग उघडायला २ सेकंद, सरासरीला ८, परत जेपेग लिहायला २. उघडणे आणि लिहिणे एकाच कोअरवर होते. म्हणजे ४ सेकंद हलणार नाहीत आणि ८ चे चार कोअरवर २ होतात. एकूण ६. तुमचा समांतर भाग उत्तम चालला आहे! जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम हाच : न वाटला जाणारा भाग वेगाची मर्यादा ठरवतो. आठ खरे कोअर आणले तरी ५ सेकंद लागतील, आणि कितीही आणले तरी ४ च्या खाली जाणार नाही.

छायाचित्रे अनेक असतील तर वाटप छायाचित्रांच्या पातळीवर करा. चार छायाचित्रे चार कोअरवर घेतली की उघडणे-लिहिणेही वाटले जाते. मात्र मेमरी मोजून ठेवा. ४.८ कोटी पिक्सेल, तीन रंग, ४ बाइटांचा दशांश धरला तर एका छायाचित्राला ५७६ मेगाबाइट. मूळ आणि उत्तर मिळून दुप्पट, चार छायाचित्रांना सुमारे ४.६ गिगाबाइट. ८ गिगाबाइटच्या लॅपटॉपवर ब्राउझर उघडा असेल तर डिस्कवर स्वॅप सुरू होईल आणि सगळा फायदा जाईल. रंग १ बाइटाच्या पूर्णांकात साठवले तर हाच हिशेब चौथ्या हिश्शावर येतो. दशांश फक्त हिशेबापुरता वापरा.

इशाऱ्याचे कारण इथेच आहे. रेपात एक ‘कॉम्प्युटपी’ चालू असताना आत दुसरा सुरू झाला, तर आतला समांतर न चालता एकाच कोअरवर चालतो आणि रेपा तसे छापते. बाहेर छायाचित्रे वाटायची तर आत ‘कॉम्प्युटएस’ लिहा. एकाच पातळीवर वाटप, हा नियम रेपात पाळावाच लागतो.

आता ८ सेकंदांकडे. तुमचे वजनांचे ५×५ कोष्टक आडव्या पाच आणि उभ्या पाच वजनांच्या गुणाकारातून बनले आहे. तसे असेल तेव्हा एक फेरी आडवी आणि एक उभी करता येते. दर पिक्सेलला २५ ऐवजी १० गुणाकार. पण रेपात एक खाच आहे. पहिल्या फेरीचा ॲरे ‘डिलेड’ असतो, म्हणजे मूल्ये साठवलेली नसतात, ती काढण्याचे फंक्शन तेवढे असते. तो तसाच दुसऱ्या फेरीला दिला तर दुसरी फेरी मधले प्रत्येक मूल्य पाच वेळा नव्याने काढते. गुणाकार पुन्हा तिशीत. दोन फेऱ्यांच्या मध्ये एकदा ‘कॉम्प्युटएस’ करून ॲरे प्रत्यक्षात आणा. याउलट, शेजारचे पिक्सेल न पाहणाऱ्या साध्या पायऱ्या, जसे उजळपणा वाढवणे, डिलेडच ठेवा. कंपायलर त्या एकत्र विणतो आणि मधले ५७६ मेगाबाइट लिहून परत वाचावे लागत नाहीत.

कडेच्या पिक्सेलसाठी दर वेळी ‘सीमेबाहेर आहे का’ असे विचारू नका. दोन-दोन पिक्सेलची कड वेगळी हाताळा. आतला भाग बिनतपासणीचा ठेवा. रेपाची स्टेन्सिल (शेजारचे पिक्सेल घेणारी) फंक्शन हे आपोआप करतात.

प्रश्न : तालुक्यातील गावांच्या नोंदींवर गावनिहाय हिशेब करतो. काही गावांत २० नोंदी, एकात २० हजार. गावे कोअरमध्ये वाटली, तर तीन कोअर लगेच रिकामे होतात आणि एकच चालत राहतो.
— सत्तरी

उत्तर : एका गावाकडे एकूण कामाचा ३० टक्के वाटा असेल आणि गाव हेच वाटपाचे एकक असेल, तर कितीही कोअर लावले तरी वेग ३.३ पटींच्या वर जात नाही. अशा ओबडधोबड आत-बाहेर रचनेसाठी गाय ब्लेलॉक यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९०च्या दशकात ‘नेसल’ ही भाषा केली. तिच्यातली युक्ती अशी : गावांची वेगळी ॲरे ठेवूच नका, सगळ्या नोंदी एका सपाट ॲरेत ओळीने लावा आणि गावांच्या लांब्या बाजूला ठेवा. मग सपाट ॲरे समान तुकड्यांत वाटा. तुकडा गावाच्या मधोमध पडला तरी चालेल.

तीन गावे घ्या : पहिल्यात ३ आणि १, दुसरे रिकामे, तिसऱ्यात ४, १, ५. सपाट ॲरे ३ १ ४ १ ५, लांब्या २ ० ३. गाव जिथे सुरू होते तिथे खूण १, बाकी ०. म्हणजे १ ० १ ० ०. आता (खूण, मूल्य) अशा जोड्यांवर स्कॅन करा. जोडण्याचा नियम : उजवीकडची खूण १ असेल तर उजवे मूल्य घ्या, नाहीतर दोन्हींची बेरीज, आणि नवी खूण म्हणजे दोन्हींपैकी कोणतीही १ असेल तर १. उत्तर येते ३ ४ ४ ५ १०. प्रत्येक गावाचा शेवटचा आकडा उचला : पहिल्याचे ४, तिसऱ्याचे १०. रिकाम्या गावाला ०, आणि ते रिकामे आहे हे फक्त लांब्यांवरून कळते. खुणांच्या ॲरेत त्याचा मागमूस नसतो. नुसत्या खुणा ठेवून लांब्या फेकून दिल्या तर रिकामे गाव गायब होते आणि पुढची सगळी उत्तरे एका गावाने सरकतात. वर दिलेला नियम साहचर्याचा आहे, कागदावर तीन जोड्या घेऊन पडताळून पाहा. त्याशिवाय स्कॅन बरोबर येणार नाही.

हे सपाटीकरण कंपायलरने आपोआप करावे, असा मोठा प्रयत्न ‘डेटा पॅरलल हॅस्केल’ नावाने झाला. तो जीएचसीच्या ८.६ आवृत्तीत काढून टाकण्यात आला. सरसकट सपाट करण्यात धोका हा की, आतल्या प्रत्येक घटकाला बाहेरचा सामाईक डेटा हवा असेल तर त्याच्या प्रती वाढत जातात आणि मेमरी फुगते. म्हणून हाताने आणि गरजेपुरते सपाट करणे आम्हाला जास्त पटते. तुमची गावे काहीशेच असतील तर आधी याहून सोपा उपाय करून पाहा : मोठी गावे आधी उचला आणि २,००० नोंदींपेक्षा मोठे गाव तोडून त्याचे तुकडे वेगळी कामे म्हणून द्या.

प्रश्न : हेच सगळे ग्राफिक्स कार्डवर न्यावे का?
— मडगाव

उत्तर : तसा विचार असेल तर कोपनहेगन विद्यापीठात बनलेली ‘फुथार्क’ भाषा बघा. तोच प्रोग्राम ‘फुथार्क सी’ने एका कोअरसाठी, ‘फुथार्क मल्टिकोअर’ने सगळ्या कोअरसाठी आणि ‘फुथार्क कुडा’ने एनव्हिडियाच्या कार्डसाठी कंपाइल होतो. त्यात फाइल वाचणे-लिहिणे नाही, रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणे) नाही, आणि आतली ॲरे समान लांबीचीच हवीत. वरच्या सत्तरीच्या प्रश्नातली युक्ती तिथे हातानेच करावी लागते. आधी ‘सी’वर उत्तर पडताळा, मग ‘मल्टिकोअर’. डेटा कार्डवर नेण्या-आणण्याचा वेळ हिशेबात धरा : तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसच्या १६ लेनमधून सेकंदाला फार तर सुमारे १६ गिगाबाइट जातात. दर संख्येमागे एकच बेरीज करायची असेल तर ती वाहतूक परवडत नाही.

प्रश्न : वेग मोजायचा कसा? माझ्या हॅस्केल प्रोग्रामला दहा कोटी संख्यांच्या बेरजेला ० सेकंद लागतात असे दिसते!
— म्हापसा

उत्तर : ते काम झालेलेच नाही. आळशी भाषेत दोन घड्याळांच्या मध्ये बेरजेचा फक्त वायदा तयार होतो. ती खरी होते उत्तर छापताना, घड्याळ बंद झाल्यावर. ‘इव्हॅल्युएट’ आणि ‘फोर्स’ वापरून काम तिथल्या तिथे करून घ्या. ‘क्रायटेरियन’ लायब्ररीने मोजत असाल तर फक्त बाहेरचे कवच उघडणारे ‘डब्ल्यूएचएनएफ’ नव्हे, आतपर्यंत काम करून घेणारे ‘एनएफ’ घ्या.

मोजताना लॅपटॉप चार्जरला लावा आणि वीज वाचवण्याचा मोड बंद करा. पहिली धाव सोडून द्या, कारण तेव्हा फाइल डिस्कवरून येते. तुलना नेहमी चांगल्या लिहिलेल्या एक-कोअरच्या प्रोग्रामशी करा. समांतर प्रोग्राम ‘-एन१’ने चालवून त्याच्याशी केली तर वेग खोटा मोठा दिसतो. मग ‘-एन१’, ‘-एन२’, ‘-एन३’, ‘-एन४’ असे एकेक घ्या. चार कोअर आणि आठ थ्रेड असलेल्या प्रोसेसरवर नुसते ‘-एन’ लिहिले तर रनटाइम आठ धरतो. हिशेबाच्या कामात पाचव्या ते आठव्या थ्रेडचा लाभ थोडा, आणि जीसी जास्त असेल तर तोटाही होतो. एकच कोअर चालत असताना प्रोसेसर जास्त वारंवारितेने धावतो, चारही तापले की ती उतरते. त्यामुळे नेमका चौपट वेग मिळत नाही, विशेषतः एप्रिल-मेच्या उकाड्यात बंद खोलीत.

तुमच्या बेरजेबाबत एक हिशेब आधीच करून ठेवा. दहा कोटी संख्या, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे ८०० मेगाबाइट. डीडीआर४-३२०० रॅमची एकच स्टिक असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गिगाबाइट येतात. म्हणजे नुसते वाचायलाच किमान ३१ मिलिसेकंद. दोन कोअरवर तुमचा आकडा त्याच्या जवळ पोचला असेल तर तिसरा-चौथा कोअर मेमरीची वाट पाहण्यापलीकडे काही करणार नाही. अशा वेळी संख्या ८ ऐवजी ४ बाइटांत साठवता येतात का ते पाहा, किंवा बेरीज, कमाल आणि किमान एकाच फेरीत काढा. लॅपटॉपमध्ये दुसरी जागा रिकामी असेल तर तेवढ्याच क्षमतेची दुसरी स्टिक बसवा. दोन वाहिन्यांतून कमाल ५१.२ गिगाबाइट होते, आणि या प्रोग्रामला नव्या प्रोसेसरपेक्षा तिचा उपयोग जास्त होईल.